झडत्यांची सीडी: आवाज सारखा करताना

पोळ्याला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तोरणाखाली झडत्या म्हणतात. समजा, वेगवेगळ्या वर्षांच्या झडत्यांच्या तीन-चार सीडी घरात आहेत आणि त्यांतून एक नवी करायची आहे. एकीत आजोबांचा आवाज अगदी बारीक, दुसरीत डफड्याचा दणका. मग काय करायचं?

आधी प्रत्येक सीडी रिप करून फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅकमुळे फाइल लहान होते, पण आवाजातलं काहीच गळत नाही. ही मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही.

आवाज सारखा करायचा तो दुसऱ्या प्रतीत. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. त्याच्यावर जागाच नाही. आजोबांचा आवाज वाढवत नेला, की मध्येच वाजलेली टाळी त्या छताला आपटते. तिचं टोक कापलं जातं, आवाज फाटतो. म्हणून डफडंच खाली आणा. ऐकताना आवाज वाढवायला प्लेअरचं बटण आहेच.

आणखी एक. फ्लॅकमधली ‘रिप्लेगेन’ ही नुसती नोंद असते. ऑडिओ सीडीवर ती जात नाही. तेव्हा बदल प्रत्यक्ष आवाजात करून मगच बर्न करा.

बर्न केलेली सीडी बिघडली तर दुसरी होईल. पण मूळ प्रतच फाडून ठेवली, तर आजोबांना पुन्हा तोरणाखाली कुठून आणणार?