जुने पुस्तक शिवताय? सेलोटेप नको, खळ घ्या

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. गाव सोडताना बरोबर आणलेली ज्ञानेश्वरी किंवा हिशेबाची वही घरात असेल, तर ती आता सुटू लागली असेल. तिला घरीच शिवता येते.

फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पिवळा पडतो, डाग जात नाही. मैद्याची पातळ खळ गार करून पातळ कागदाची पट्टी चिकटवा, वजनाखाली वाळू द्या. शाई ओलीने पसरते का, ते आधी कोपऱ्यात पाहा. सुटलेल्या घड्या जुन्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवा.

बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी, घरी नकोच. आणि हस्तलिखित असेल तर प्रयोग न करता जाणकाराकडे न्या.