खाणीचा पैसा आणि मतपेटी

खाणमालकाला पैशाच्या जोरावर सत्ता मिळते, हा समज गोव्याच्या इतिहासापुढे टिकत नाही. पेडण्याचे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर लोहखनिजाच्या धंद्यात मोठे झाले आणि डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बनले. दानधर्म आणि पैसा कामी आला नसता, तर एवढ्या लवकर पक्ष उभा राहिला असता का, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहेच. पण त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) मते दिली ती कुळांनी, बहुजन समाजाने; 1964 चा कूळ कायदा हे त्याचेच फळ. पुढे 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात भाऊसाहेबांनी महाराष्ट्रात विलीनीकरणाची बाजू घेतली आणि त्याच मतदारांच्या गोव्याने ती नाकारली. नेता तोच, पैसाही तोच. गोव्याबाहेरही हेच दिसते: रशियात नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीतून अब्जाधीश झालेले मिखाईल प्रोखोरोव्ह 2012 मध्ये अध्यक्षपदासाठी लढले, तेव्हा त्यांना जेमतेम 8 टक्के मते पडली.

महाराष्ट्रातल्या भंडारा जिल्ह्याची गोष्ट वेगळी. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीज खाणी सरकारी मॉइल कंपनीच्या आहेत. इथे खाणमालकाच्या औदार्याची वाट पाहायची नसते. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांसाठीच आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत जरूर मागा.