परदेशात पळणं आणि देशाकडून पळणं

कापूस वेचणीचे दिवस होते. लासूरकडचा एक बाप मोबाइल हातात धरून सरळ शाळेच्या मैदानावर आला. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक होतं : आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिप, काठमांडू. वर तिरंगा, सोनेरी अक्षरं, आणि खाली प्रवेश, प्रवास, ट्रॅकसूट धरून वीस-बावीस हजारांचा हिशेब. "सर, पोऱ्याले धाडू का?" पोऱ्या पळतो चांगला, त्याला पळवणारा मीच. मी विचारलं, "नाना, आपल्याकडून कोण कोण जाणार हे ठरवलं कोणी?" नाना म्हणाले, "जो पैसा भरी तो जाई."

चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात असली पत्रकं फिरत असतात. ठिकाणं बहुतेक नेपाळ, भूतान, नाहीतर थायलंड. नेपाळ आणि भूतान उगाच निवडलेले नाहीत. तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टवाचूनही भागतं. जाऊन आलेल्या एका मुलाला मी शर्यतीबद्दल विचारलं. पळणारे तिघं होते, तिघंही महाराष्ट्रातले. त्यामुळे पदक न मिळण्याची सोयच नव्हती. पोरगं परत येतं, चौकात हाताएवढ्या अक्षरांचं बॅनर लागतं, डीजे वाजतो. त्याच्या आनंदावर पाणी टाकायला मलाही नको वाटतं. पण पुढे सरकारी भरतीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून अर्ज भरला की प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचा कागद तिथे चालत नाही. बापाने विकलेला कापूस मात्र गेलेला असतो.

म्हणून पालकांना मी एवढंच विचारायला सांगतो : नाव कोण पाठवतंय? जागतिक अ‍ॅथलेटिक्सचा नियम आहे की आपल्या देशाच्या महासंघाच्या परवानगीशिवाय खेळाडूने दुसऱ्या देशात स्पर्धेला उतरायचं नाही. ही परवानगी दाखवा म्हटलं की पत्रकवाल्यांचे फोन लागेनासे होतात.

क्लबने मुलांना घेऊन परदेशी जाणं यात वाईट काही नाही. युरोपात ही जुनी रीत आहे. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात १९९६पासून मुलांची मोठी अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा भरते आणि देशोदेशीचे क्लब आपापली पोरं घेऊन तिथे जातात. तिकडची मुलं क्लबच्या खर्चासाठी घरोघर फिरून मोजे आणि टॉयलेट पेपर विकतात म्हणे! आमच्या पोरांना मी हे सांगितलं तर त्यांना स्वीडनपेक्षा टॉयलेट पेपरचंच नवल जास्त वाटलं.

आपल्याकडेही ऑलिम्पिकचा पहिला मोठा दौरा एका क्लबातूनच निघाला. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाला, अध्यक्ष सर दोराबजी टाटा. १९१९च्या क्रीडामेळाव्यात त्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली. ना शास्त्रशुद्ध सराव, ना पायात बूट. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाताहेत, हे टाटांच्या ध्यानात आलं आणि पुढच्या वर्षीच्या अँटवर्प ऑलिम्पिकला धावपटू पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. त्या बैठकांतला एक किस्सा सांगतात. शंभर मीटरसाठी किती वेळ हवा असं विचारल्यावर जिमखान्याच्या एका सदस्याने एक ते दोन मिनिटं असं उत्तर दिलं. तिथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या तुकड्यांचा हिशेब असतो, हे ऐकून ते चाट पडले. हसू नका. आजही तालुका स्पर्धेत आम्ही हातातल्या घड्याळावर वेळ लावतो, आणि फायनलला दोन पंचांची घड्याळं दोन वेळा दाखवतात.

पैसा उभा राहिला तो टाटांच्या खिशातून, सरकारी मदतीतून आणि वर्गणीतून. १९२०च्या जूनमध्ये चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर मुंबईहून बोटीने निघाले आणि आधी लंडनला उतरून त्यांनी सराव केला. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाला. अँटवर्पची ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या ४२.१९५पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९वा आला. त्याच्याबरोबरच्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक एका पायरीवर राहिलं. या सहाजणांपैकी कोणीही पैसे भरून निवडून आलेला नव्हता. १९२०च्याच एप्रिलमध्ये पुण्यात चाचणी झाली होती.

आजच्या पोराला असं जायचं तर वाट कोणती? गोंधळ होतो कारण शिड्या दोन आहेत. एक शाळेची : तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, राज्य, आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धा. वयोगट १४, १७ आणि १९. तिथून जागतिक शालेय स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडला जातो. ब्राझिलिया, ट्रॅबझॉन, माराकेश अशा ठिकाणी या स्पर्धा झाल्या आहेत. दुसरी शिडी अ‍ॅथलेटिक्स संघटनेची : जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. तिचे वयोगट वेगळे, १४, १६, १८, २०. हिच्यातच आंतरजिल्हा राष्ट्रीय स्पर्धा आहे. देशभरातून हजारो मुलं एका शहरात उतरतात, आणि जळगावचा संघ पुण्या-मुंबईच्या बरोबरीने उभा राहतो. आमच्या पोरांसाठी मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. याच शिडीच्या वरच्या टोकाला आशियाई आणि जागतिक ज्युनिअर स्पर्धा आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावरून निघून जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असं करत वर गेली. २०१०ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं.

शिडी चढताना आमच्या मुलांना सगळ्यात जास्त अडवते ती १ जून ही तारीख. वस्तीवर जन्मलेल्या मुलाची नोंद झालेली नसते. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे. कधी पहिलीत बसावं म्हणून बाप वर्षभर वाढवूनही सांगतो. अठरा वर्षांखालच्या गटासाठी नियम असा की स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडू १६ किंवा १७ वर्षांचा असला पाहिजे. वाढवलेल्या त्या एका वर्षापायी खरा सतराचा पोरगा कागदावर अठराचा होतो आणि थेट वीसच्या गटात दाढीमिशावाल्यांबरोबर पळतो. उलटा प्रकारही चालतोच, वय चोरण्याचा. म्हणून तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात.

आणि समजा, पोरगं निघालंच. आम्ही इथे फक्की मारून दोनशे मीटरचा ट्रॅक आखतो, तिथे चारशे मीटरचा सिंथेटिक. स्पाइक्सचे खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, मातीवरचे लांब खिळे बदलावे लागतात. शर्यतीआधी कॉल रूममध्ये बसवतात, बिब आणि बूट तपासतात, मोबाइल काढून घेतात. तिथे उशीर झाला तर नाव कटतं. स्टार्टला एकदा चुकलं की बाहेर, दुसरी संधी नाही. मेमध्ये ४५ अंशांत सराव केलेल्या पोराला तिथली थंडी बाधली, तर मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून द्यायची नाही. तिच्यात स्युडोएफेड्रिन असू शकतं, आणि ते स्पर्धेच्या दिवशी प्रतिबंधित आहे, उत्तेजक चाचणीत सापडू शकतं. एका आईने मला याच्यातलं काही विचारलं नाही. तिचा प्रश्न होता, "तठे भाकर भेटी का?" भेटत नाही. पास्ता आणि उकडलेले बटाटे असतात. म्हणून जायच्या महिनाभर आधी पोरांना आठवड्यातून दोनदा फोडणी न घातलेलं जेवण जेवायला लावावं, असं माझं मत आहे. घरच्यांना ते पटत नाही.

राहिला पासपोर्ट. अठरा वर्षांखालच्या मुलाला आईबाप दोघांचीही संमती लागते. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांत नाव एकसारखं हवं. आमच्याकडे दाखल्यावर आडनाव पावरा, आधारवर बारेला, आणि आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं निघतं. दुरुस्तीला महिने जातात आणि संघाचं पत्र येतं तेव्हा हातात आठवडे असतात. त्यामुळे हल्ली मी नववीचा वर्ग सुरू झाला की वेळा घेण्याआधी दाखले मागवतो. पोरं कुरकुरतात. स्टॉपवॉच दुसऱ्या आठवड्यात निघतं.