सुतळीवर मोजलेली पृथ्वी

डायनोसॉरचं नाव न ऐकलेलं मूल आज शोधून सापडायचं नाही. मात्र पृथ्वी जन्मली आणि पाठोपाठ डायनोसॉर आले, अशीच अनेकांची समजूत असते. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, असं नुसतं सांगून ती जात नाही. ‘कोटी’ हा शब्द मुलांना पाठ असतो, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

म्हणून मी सुतळीचा गुंडा घेते. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. मग सुतळी लागते ४५ मीटर ४० सेंटीमीटर! ती वर्गात मावत नाही, मैदानावरच जावं लागतं. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. आजपासून मागे मोजत गाठी मारायच्या. सुमारे ३५ मीटरवर सूक्ष्मजीवांच्या अगदी जुन्या खुणा. २४ मीटरच्या आसपास हवेत प्राणवायू साठू लागला, तोही सूक्ष्मजीवांनीच बाहेर टाकलेला. डायनोसॉर येतात ते जेमतेम अडीच मीटर उरल्यावर, आणि ६६ सेंटीमीटरवर संपतात. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हारसातून झाला, तो याच गाठीच्या आसपास वाहिला. आपली मानवजात शेवटच्या तीन मिलिमीटरांत. टोक चिमटीत धरलं की माणसाचा सारा इतिहास झाकला जातो.

इथे हमखास प्रश्न येतो, ‘बाई, पण हे बघायला तेव्हा कोण होतं?’ हा प्रश्न दडपू नये. झिरकॉन नावाच्या खनिजाचा कण तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. पुढे त्या युरेनियमचं शिसं होत राहतं. मुख्य प्रकारच्या युरेनियममधलं निम्मं बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. आत किती शिसं साठलं ते मोजलं की कणाचं वय कळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथे असे सुमारे ४४० कोटी वर्षांचे कण मिळाले आहेत. पृथ्वीचे अगदी पहिले खडक मात्र वितळून, झिजून गेले. म्हणून क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीबरोबरच घडलेल्या उल्कांमधलं शिसं तपासलं आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हे उत्तर दिलं. ते आजही जवळपास तसंच टिकून आहे.

मुलं आकडे विसरतील, विसरू द्या. ‘कशावरून?’ असं विचारलं तर कुणी रागावत नाही, उत्तर मोजून काढता येतं, एवढं त्यांच्याजवळ राहिलं तरी पुष्कळ झालं. घरी मैदान नसेल तर साडेचार मीटर सुतळीही चालेल. मग माणूस शोधायला भिंग लागेल, इतकंच.