ट्रॅक्टरचा धक्का आणि चालकाची कंबर



गळीत हंगाम सुरू झाला की आपले लक्ष तीन गोष्टींवर असते : तोड कधी येणार, वजन काय भरणार आणि भाव काय मिळणार. फडातला ऊस गव्हाणीपर्यंत आणणारा माणूस मात्र आपल्या हिशेबात कुठेच नसतो. रात्री दोन वाजता गाडीतळावर नंबर लावून ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेला चालक पाहा. खाली उतरताना तो आधी स्टिअरिंग धरतो, मग एक पाय टेकवतो आणि कमरेवर हात ठेवून हळूच सरळ होतो. वय विचारले तर तिशीच्या आतले निघते. “काय झालं?” असे विचारा. “काही नाही, गाडीचा धंदा म्हटलं की कंबर जायचीच,” हेच उत्तर बहुधा मिळेल.

कंबर जायचीच, हे मात्र आम्हाला मान्य नाही. धक्का कुठून येतो हे समजले तर त्यातला बराचसा थोड्या खर्चात कमी करता येतो. त्याचाच हा ऊहापोह.

धक्का येतो कुठून?

ट्रक, जीप, पिकअप या गाड्यांना चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये कमानपाटे असतात. ट्रॅक्टरचे तसे नाही. त्याचे इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस हे सारे एकमेकांना बोल्टांनी घट्ट जोडलेले एकच धूड असते. पुढचा आस मधल्या खिळीवर डावी-उजवीकडे झुलतो एवढेच. मागच्या बाजूला स्प्रिंग म्हणून जे काही आहे ते म्हणजे टायरमधली हवा, आणि चालक बसतो नेमका त्याच आसाच्या डोक्यावर. नांगरटीसाठी ही रचना उत्तम आहे. पण हंगामात आपण त्याच ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या किंवा अंगद जोडून रोज कित्येक किलोमीटर रस्त्यावर पळवतो. म्हणजे शेतातल्या गड्याला आपण डाकेचा घोडा केले आहे.

पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके होती. 1932 साली अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीने हवेचे रबरी टायर घातलेला ट्रॅक्टर विक्रीला आणला, आणि चालकाच्या हाडांना पहिला खरा विसावा मिळाला. आपल्याकडे बैलगाडीचे तसेच झाले. लाकडी धावेची गाडी जाऊन डनलॉप गाडी आली, ओढ हलकी झाली आणि बैलांच्या खांद्यांचा त्रास कमी झाला. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडीची सुधारणा हा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न म्हणून मांडला होता. बैलाच्या मानेचा विचार आपण केला. आता माणसाच्या मणक्याचा करायला काय हरकत आहे?

मणक्याचे गणित

टायरवर उसळणारा ट्रॅक्टर साधारण सेकंदाला दोन ते चार वेळा वर-खाली होतो. बसलेल्या माणसाच्या धडाचा आणि पाठीच्या कण्याचा स्वतःचा झोल सेकंदाला चार ते आठ वेळांच्या आसपास असतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलले की तो उंच जातो. तसेच हे दोन झोल जवळ आले की थोडा धक्काही शरीरात मोठा होतो. दोन मणक्यांमधली गादी दिवसभर अशी दाबली-सोडली गेली तर ती लवकर झिजते. यातून कंबरदुखी जडते, पुढे पायात मुंग्या येतात.

युरोपातील देशांनी 2002 साली याबाबत कायदेशीर मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या कामात अंगाला बसणाऱ्या कंपनाची सरासरी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या वर गेली की मालकाने उपाय केलेच पाहिजेत, आणि 1.15 च्या वर ती जाऊच द्यायची नाही. आपल्याकडे हंगामात चालक आठच तास बसतो असे कोण म्हणेल? एक खेप, तळावरची रांग, पुन्हा दुसरी खेप. घड्याळ बघायची सोयच नसते.

उपाय पहिला : बैठक

जुन्या ट्रॅक्टरची बैठक म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला पत्र्याचा तवा. त्यावर पोते किंवा जाड फोम टाकला की काम झाले असे आपण समजतो. तसे नाही. नुसता मऊ फोम मोठ्या खड्ड्यात पूर्ण दबतो आणि खालचा पत्रा लागतोच. बारीक धक्क्यात तो उलट झोके देतो. स्प्रिंगबरोबर झोका मारणारा शॉक अॅब्सॉर्बरही असलेली बैठक हवी. अशी बैठक सेकंदाला एक-दोनदा संथ हलते, म्हणून मणक्याच्या झोलापासून दूर राहते. अलीकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ती येते. तिला वजनाप्रमाणे लावायचा एक खटका किंवा फिरकी असते. पंचावन्न किलोचा पोरगा आणि नव्वद किलोचा गडी दोघेही एकाच खुणेवर बसत असतील तर त्या बैठकीचा उपयोग शून्य. चालक बदलला की खटका बदला, एवढे जरी केले तरी पैसा न खर्चता फरक जाणवेल.

दुसरा : हवा

मागच्या टायरची हवा शेतात वेगळी आणि वाहतुकीला वेगळी असते. दोन्ही आकडे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असतात. ते पुस्तक बहुतेकांच्या घरी देवळीत पडून असते, ते काढा. हवा फार भरली तर टायर दगडासारखा उसळतो. फार कमी ठेवली तर भरल्या ओझ्याने तापतो आणि बाजू फाटतात. टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर पकड वाढते हे खरे. पण पाण्याने हवेची जागा घेतली की उशी तेवढी लहान होते. म्हणून पाणी ठरल्या खुणेच्या वर भरू नये, आणि हवा अंदाजाने नव्हे, मीटर लावून पाहावी.

तिसरा : जोड

धक्का फक्त वर-खालीच नसतो, मागून-पुढूनही असतो. ट्रॉलीची खिळ झिजली, भोक लांबट झाले, की प्रत्येक ब्रेकला आणि गिअरला मागचे ओझे “धाडकन” येऊन आपटते. 50 अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा, आणि मागे ऊस त्याच्या कितीतरी पट. हा धक्का थेट कमरेत बसतो. नवी खिळ आणि बुश यांचा खर्च एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाही. खिळीला लॉक लावावे, साखळीही असावी. जोड नेहमी खालच्या ओढपट्टीलाच द्यावा. वरच्या दांड्याला बांधलेले ओझे ट्रॅक्टर मागे उलटवते, आणि उलटलेला ट्रॅक्टर चालकाला दुसरी संधी देत नाही.

चौथा : मोळ्यांची भर

बैलगाडी उलाळ झाली की काय होते हे आपल्या म्हाताऱ्या मंडळींना सांगायला नको. एका आसाच्या ट्रॉलीचेही तेच. ओझे मागे गेले तर ती ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलते, चाके उसळतात आणि पकड जाते. ओझे फार पुढे आले तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मुकादमाने टोळीला सांगून मोळ्या आसाच्या दोन्ही अंगांना सारख्या, किंचित पुढे झुकत्या भरून घ्याव्यात. “आणखी दोन मोळ्या बसतील की” हा मोह तर टाळलाच पाहिजे. त्या दोन मोळ्यांचे पैसे पुढे टायर, बेअरिंग आणि दवाखाना यांच्याकडे जातात.

पिकअपवाल्यांसाठी दोन शब्द

डिझेलची टाकी, पाण्याचा टँकर, मळणीयंत्र ओढायला आता अनेक सभासदांकडे पिकअप आल्या आहेत. रिकामी पिकअप फार आदळते ही सगळ्यांचीच तक्रार. कारण सोपे आहे : पाटे भरल्या ओझ्यासाठी बांधलेले असतात, रिकाम्या गाडीला ते फार कडक पडतात. त्यावर “एक पाटा वाढवून घे” हा गॅरेजमधला सल्ला सर्रास ऐकू येतो. तो उलटा पडतो. गाडी आणखी कडक होते, आणि पाटा वाढला म्हणून आस, ब्रेक किंवा टायर यांची ताकद वाढत नाही. त्याऐवजी पाट्यांमधला गंज आणि चिखल काढावा, झिजलेले बुश व शॅकलच्या खिळी बदलाव्यात, तेल गळणारे शॉक अॅब्सॉर्बर जोडीने बदलावेत, आणि टायरची हवा रिकाम्या व भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे ठेवावी. ओढायच्या गाडीचा थोडाच भार हुकवर यावा. सगळा भार मागे लटकला तर पिकअपचे तोंड वर होते आणि गाडी रस्त्यावर डोलू लागते.

रस्ता आपलाच

आता सभासदांनी स्वतःकडे पाहावे. मांजरा, तेरणा, गोदावरीच्या काठची आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या थंडीत दगडासारख्या वाळतात आणि फडापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा सगळ्या प्रवासात वाईट ठरतो. लातूर-नांदेड राष्ट्रीय महामार्गावर धक्का बसत नाही. तो बसतो आपल्या पाणंदीवर. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. ग्रामपंचायतीत त्यासाठी ठराव मांडणे हे आपल्याच हातात आहे. तोवर चार शेजाऱ्यांनी मिळून तोड येण्याआधी मुरूम टाकून चाकोऱ्या बुजवल्या तरी पुष्कळ. तोडणीआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवले तर उताराही सुधारतो आणि ट्रॉली फडात रुतत नाही.

लक्षात घ्या, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या भावातूनच वजा होतो. तुटलेला आस, फाटलेला टायर, रुतलेली ट्रॉली यांचा भुर्दंड फिरून आपल्याच शिवारात येतो. आणि ट्रॉलीवर फक्त ऊसच नसतो. मुखेड, कंधारकडची तोडणी कामगारांची कुटुंबे, कडेवरच्या लेकरांसह, त्याच ट्रॉलीतून मुक्काम हलवतात. चालकाला निदान स्प्रिंगची बैठक तरी मिळते, त्या लेकरांना तीही नाही. त्यांना घेऊन जाताना वेग निम्म्यावर आणा, एवढीच विनंती. वेग कमी करणे हा बिनपैशाचा आणि सगळ्यात मोठा उपाय आहे.

शेवटी चालक बांधवांना. दर खेपेनंतर पाच मिनिटे खाली उतरून चालावे. उतरल्या उतरल्या मोळी किंवा जॅक उचलू नये. दिवसभर हादरलेल्या कण्याला आधी जरा सावरू द्यावे. दोन्ही बाजूंना आरसे बसवा, म्हणजे मागे बघायला कंबर पिळावी लागणार नाही. उड्या मारून उतरू नका, पायरी वापरा. पायात मुंग्या येऊ लागल्या तर मालिशवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जा.

ट्रॅक्टरचा बिघडलेला भाग दुकानात मिळतो, मणक्याचा मिळत नाही. उद्या आपल्या फडात ट्रॅक्टर येईल तेव्हा चालकाला पाण्याच्या तांब्याबरोबर एक प्रश्नही विचारा : “बैठकीचा खटका लावलास का रे बाबा?” नसेल तर तिथेच उभे राहून लावून घ्या. एवढ्या एका मिनिटाने आपला ऊस अडणार नाही.

सर्व सभासद, तोडणी कामगार आणि वाहतूकदार बंधूंना सुखरूप हंगामाच्या शुभेच्छा.