केमिकलचे एम.टेक. कशासाठी करायचे?

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांतून एक फेरी मारली, तर केमिकल इंजिनिअरिंगचा निम्मा अभ्यासक्रम चालू यंत्रांवर पाहायला मिळतो. गावात गोकुळ दूध संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना आहे. तिथे पेंड, कोंडा, मोलॅसिस एकत्र करून, वाफ देऊन, साच्यातून दाबून गोळी पेंड तयार होते. शेजारी गोकुळ शिरगावला त्याच संघाची डेअरी आहे. कसबा बावड्याला राजाराम साखर कारखाना, तर पंचगंगेच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस आहेत. मिसळणे, तापवणे, आटवणे, वाळवणे, गाळणे ही सगळी कामे या शाखेची. तरीही या भागातला मुलगा किंवा मुलगी केमिकलमध्ये बी.टेक. करून पुढे एम.टेक. करायचे म्हणाली की घरातून प्रश्न येतो, अजून दोन वर्षे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे.

आधी एक गैरसमज दूर करू. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेला माणूस पदार्थ कसा बनतो ते शोधतो. केमिकल इंजिनिअरसमोर वेगळा प्रश्न असतो. चंचुपात्रात जमलेली गोष्ट टाकीत कशी जमवायची? एक लिटरच्या भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की त्यात हजार लिटर मावतात, पण त्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला मिळणारी जागा एक दशांशावर येते. डिस्टिलरीत मोलॅसिस आंबवताना यीस्ट उष्णता सोडते. छोट्या बाटलीत ती आपोआप निघून जाते. लाखो लिटरच्या फर्मेंटरमध्ये ती साचते, तापमान पस्तिशीच्या पुढे गेले की यीस्ट दमते आणि अल्कोहोलचा उतारा घटतो. म्हणून फर्मेंटरमधला द्रव सतत बाहेर काढून, प्लेट हीट एक्स्चेंजरमधून थंड करून परत आत सोडावा लागतो. तो किती वेगाने फिरवायचा, किती थंड पाण्याने थंड करायचा, याचा हिशेब रसायनशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही.

हा हिशेब बी.टेक.लाही शिकवतात. मग एम.टेक.मध्ये वेगळे काय? यासाठी इथेनॉलचेच उदाहरण घेतो, कारण कोल्हापूरकरांना ते परके नाही.

आंबवलेल्या द्रवात अल्कोहोल साधारण आठ-दहा टक्के असते. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात ते वर चढत जाते आणि वजनाने 95.6 टक्क्यांपाशी अडते. स्तंभ आणखी उंच केला, वाफ आणखी दिली, तरी साध्या दाबाखाली त्यापुढे सरकत नाही. कारण त्या टप्प्यावर वाफेत आणि द्रवात पाणी व अल्कोहोल यांचे प्रमाण सारखेच होते, आणि ऊर्ध्वपातन तर या प्रमाणांतल्या फरकावरच चालते. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र किमान 99.5 टक्के शुद्ध इथेनॉल लागते. ही कोंडी फोडण्यासाठी पूर्वी बेंझीन मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन करत. बेंझीन कर्करोगकारक, त्यामुळे तो मार्ग मागे पडला. आता मॉलेक्युलर सीव्ह वापरतात. हे झिओलाइटचे मणी असतात आणि त्यांच्या छिद्रांचा व्यास सुमारे तीन अँगस्ट्रॉम असतो. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो.

मॉलेक्युलर सीव्ह असलेला प्लांट नीट चालवणे हे बी.टेक. झालेल्या माणसाला उत्तम जमते. पण मणी भरलेल्या त्या स्तंभात ओलाव्याची सीमा किती वेगाने खाली सरकेल, मणी कोरडे करण्याची वेळ कधी येईल, वाफ कमी लागावी म्हणून त्याऐवजी पटल (मेम्ब्रेन) वापरले तर काय होईल, हे समीकरणे मांडून, प्रयोग करून, संगणकावर पडताळून सांगायचे असेल, तर एम.टेक.चा अभ्यास लागतो. पहिल्या वर्षी ट्रान्सपोर्ट फिनॉमिना, थर्मोडायनॅमिक्स, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग आणि भरपूर गणित. दुसऱ्या वर्षी प्रबंध. माझ्या मते या पदवीचा खरा कस त्या प्रबंधात लागतो. विषय स्वतःचा असेल तर वर्ष सार्थकी लागते. मार्गदर्शकाने हातात दिलेला विषय नाइलाजाने ओढला तर तेच वर्ष वाया जाते.

स्वतःचा विषय शोधायला इथल्या मुलांना लांब जावे लागत नाही. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. तपकिरी, आम्लधर्मी, आणि त्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीचे रासायनिक विघटन व्हायला लागणारा प्राणवायू, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात. तो नदीत गेला तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आज डिस्टिलऱ्यांना तो आटवून बॉयलरमध्ये जाळणे, त्यातून बायोगॅस काढणे असे उपाय करावे लागतात. आटवायला वाफ जाते आणि प्रत्येक उपायाला पैसा लागतो. इचलकरंजीच्या रंगीत पाण्यात मीठ असते आणि ते जैविक प्रक्रियेने निघत नाही. पंचगंगेचे पाणी पिणाऱ्या गावांसाठी हे जिवाभावाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे देणारी माणसे याच गावांतून तयार व्हावीत असे मला मनापासून वाटते.

असे घडू शकते, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. प्रा. गणपती दादासाहेब यादव हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे. मुंबईच्या यूडीसीटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकून त्यांनी तिथेच पीएच.डी. केली आणि उत्प्रेरकांवर आयुष्यभर काम केले. ही संस्था 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली आणि 2008 मध्ये आयसीटी नावाने अभिमत विद्यापीठ झाली. यादव तिचे पहिले कुलगुरू. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच संस्थेत शिकवणारे प्रा. एम. एम. शर्मा 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.  त्यांचे विद्यार्थी डॉ. रघुनाथ माशेलकर 1966 मध्ये पदवीधर झाले आणि 1969 मध्ये पीएच.डी. संशोधनाची ओढ पक्की असेल, तर एम.टेक. न करता थेट पीएच.डी.चा मार्गही आजच्या अनेक संस्थांत खुला आहे. त्याची चौकशी जरूर करावी.

आता व्यवहाराचे. एम.टेक.च्या प्रवेशासाठी द्यायच्या गेट परीक्षेत केमिकलच्या पेपरचा कोड सीएच. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण, त्यात 15 गुण सामान्य क्षमतेचे. गुणांक तीन वर्षे चालतो. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. साध्या घरातल्या मुलामुलींना वसतिगृह आणि मेस त्यातून भागवता येते, आणि हे आईवडिलांना आधीच सांगितले तर घरातला निम्मा विरोध मावळतो. आयआयटीचे प्रवेश कोॲप पोर्टलवरून, एनआयटीचे सीसीएमटीतून, तर राज्यातल्या महाविद्यालयांचे सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात. सरकारी तेल कंपनीतली नोकरी एवढेच ध्येय असेल, तर एम.टेक.ची गरज नाही. काही कंपन्या बी.टेक. पदवीधरांना गेटच्या गुणांवर घेतात. परदेशी एम.एस. करणाऱ्याने एक हिशेब नीट करावा. अमेरिकेत शिक्षणानंतर या शाखेला विद्यार्थी व्हिसावर जास्तीत जास्त 36 महिने काम करता येते. कर्ज तेवढ्यात फिटेल का, हे कागदावर मांडल्याशिवाय जमीन तारण ठेवू नये.

कॅम्पसमध्ये नोकरी मिळाली नाही म्हणून एम.टेक.ला जाणे हा सगळ्यात कमकुवत निर्णय. त्यापेक्षा एखाद्या कारखान्यात वर्षभर शिफ्ट करावी. बॉयलरची वाफ कुठे वाया जाते, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना खपली का धरते, हे अंगावर घेतलेल्या विद्यार्थ्याला ट्रान्सपोर्ट फिनॉमिनाचे समीकरण परके वाटत नाही. अशा अनुभवातून प्रबंधाचा विषयही मिळतो.

तिसऱ्या वर्षात असाल तर येत्या गळीत हंगामात एखाद्या साखर कारखान्याला आणि त्याच्या डिस्टिलरीला रीतसर परवानगी काढून भेट द्या. चीफ केमिस्टना त्यांची सर्वात मोठी अडचण विचारा आणि ती वहीत लिहून ठेवा. त्याच वहीत गेटच्या तारखाही नोंदवा: अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते.