मोटारसायकलला कोणतं ऑइल घालावं?

मागे कांद्याचं पोतं बांधून लोणंदच्या बाजार समितीत येणाऱ्या मोटारसायकलचं इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच ऑइलवर चालतात. म्हणून कारचं उरलेलं ऑइल तिच्यात ओतू नका. त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असली तर क्लचप्लेटा घसरतात. रेस वाढते, पण गाडी ओढत नाही. खंबाटकी घाटात हे लगेच कळतं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवंच. ‘एमबी’ गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. ‘१०डब्ल्यू-३०’मधला पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. ऊन कडक म्हणून आपल्या मनानेच ‘२०डब्ल्यू-५०’ भरणं मला पटत नाही. गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच पाळा. पातळी बघताना गाडी डबल स्टँडवर लावा. साइड स्टँडवर ऑइल एका बाजूला सरकतं.